कोरड्या जिभेचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेचे दिवस हे वासाचे आणि चवीचे दिवस असतात. सभागृहाकडे येताना वाटेत मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास आपणा सर्वांना आला असेल. घरोघर चैत्रगौरीचे हळदीकुंकू चालले आहे; आंब्याची डाळ वाटली जात आहे, पन्ह्यात वेलदोडा पडत आहे. अशा दिवसांत, ज्यांना चव लागत नाही आणि वास येत नाही अशा माणसांविषयी बोलायला उभे राहणे कुणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु हा विषय आम्ही निवडला तो या दिवसांमुळेच. ताटात सर्व काही वाढलेले आहे आणि जिभेवर काहीच उतरत नाही, अशा माणसाला हा ऋतू फार जड जातो, हे आम्ही आमच्या घरात पाहिले आहे.

आमच्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, तरुणपणीच वैधव्य आल्यामुळे माहेरी, आमच्या घरी राहत असे. कृष्णाकाठच्या त्या घरात स्वयंपाकघर तिचे होते. तिच्या हाताला चव होती, असे सारा गाव म्हणे, आणि त्या घरातले तिचे स्थान या चवीवर उभे होते. चाळिशी उलटल्यावर प्रथम सकाळी तिची बोटे आखडू लागली. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले. मग भाकरीचा घास घशाखाली उतरेना. प्रत्येक घासामागे ती पाण्याचा घोट घेई आणि रात्री उशाशी तांब्या ठेवी. आणि पुढे आमटीत मीठ दुप्पट पडू लागले. “वन्सं, आज मीठ जरा जास्त झालंय का हो?” असे आमची आई पहिल्यांदा हळूच विचारीत असे. पुढे पुढे कुणी हळूच विचारीना. वर्ष-दोन वर्षांत चूल तिच्या हातून गेली, आणि तिच्याबरोबर तिचे बोलणेही कमी झाले.

आम्हां मुलांना तिच्या एका गोष्टीचे मोठे कौतुक होते. कितीही कांदे चिरले तरी तिच्या डोळ्यांना पाणी येत नसे. पण आमचे धाकटे काका अकाली गेले तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस निघाले नाही, आणि समाचाराला आलेल्या बायका माजघरात कुजबुजल्या. “हिचं काळीज दगडाचं आहे,” हे शब्द आम्ही आमच्या कानांनी ऐकले. “कशाला चव नाही” असे ती म्हणे तेव्हा आम्ही सर्वांनी, आम्ही मुलांनीसुद्धा, ते तिचे नखरे ठरवले होते. तिच्या सत्तरीत एका तरुण नेत्रवैद्याने तिच्या खालच्या पापणीत टिपकागदाची एक बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटे घड्याळ पाहिले. पट्टी जवळजवळ कोरडीच निघाली. त्याने तोंडात पाहिले, बोटे दाबून पाहिली, रक्त तपासायला पाठवले आणि रोगाचे नाव सांगितले. आत्याला ते नाव उच्चारताही आले नाही. तिने एवढेच विचारले, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?”

त्या कागदाच्या पट्टीमागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. रोगाचे नाव श्योग्रेनचा रोग. ज्यांना ऑटोइम्यून म्हणतात, म्हणजे शरीराची संरक्षक व्यवस्थाच ज्यांत शरीरावर उलटते, अशा रोगांपैकी तो एक आहे. तो दुर्मिळ नव्हे, आणि त्याच्या दर दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, हे प्रारंभीच लक्षात ठेवावे.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहू. चव म्हणजे काय? साखरेचा खडा पूर्ण कोरड्या जिभेवर ठेवला तर तो गोड लागत नाही. खडा विरघळला पाहिजे. चवीचे कण पाण्यात मिसळून जिभेवरील रुचिकलिकांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, तेव्हाच मेंदूला वर्दी जाते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, ती उगीच नव्हे. आपल्या जुन्या वैद्यांनी हे निराळ्या भाषेत ओळखले होते. चरकसंहितेत रस हा जिभेचा विषय आणि जल हे त्याचे आश्रयद्रव्य मानले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात जिभेवर राहून रसाचे ज्ञान करून देणाऱ्या कफाला ‘बोधक’ असे नाव आहे. यावरून आधुनिक शास्त्र आमच्या पोथ्यांत आधीच होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कुणाला होईल. तो आवरलेला बरा. चवीला ओलावा लागतो, एवढे निरीक्षण त्यांनी अचूक केले होते. आपल्या बोलीलाही ते ठाऊक आहे. आवडीच्या पदार्थाने तोंडाला पाणी सुटते आणि भीतीने कोरड पडते, असे आपण म्हणतोच.

ओलावा गेला तर काय होते, याची पाश्चात्त्य वैद्यकातील पहिली ठळक नोंद १८८८ सालची आहे. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे वॉल्टर हॅडन या डॉक्टरने ६५ वर्षांच्या एका बाईची हकीकत सांगितली. तिची जीभ लाल, कोरडी आणि सर्व बाजूंनी भेगाळलेली होती. हॅडनला ती मगरीच्या कातडीसारखी दिसली. तिच्या डोळ्यांतले अश्रूही आटले होते. हॅडनने तिला दक्षिण अमेरिकेतील जाबोरांडी नावाच्या वनस्पतीचा अर्क दिला आणि तिला काहीसा आराम पडला. ही जाबोरांडी ध्यानात ठेवावी. ती पुन्हा भेटणार आहे. त्याच सुमारास जोनाथन हचिन्सन हे लंडनचे नामांकित शल्यवैद्यही कोरड्या तोंडाच्या विकाराविषयी लिहीत होते. आणि त्याच १८८८ साली तिकडे पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग शहरात योहान मिकुलिच या शल्यवैद्याने एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची केस मांडली. त्याच्या अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथी दोन्ही बाजूंना सुजल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत बारीक गोल पेशींची दाटी दिसली. त्या पेशी तिथे कशासाठी जमल्या, हे सांगण्याचे साधन त्या काळी कुणापाशी नव्हते.

म्हणजे लंडनला कोरडेपणा दिसला, क्योनिग्सबर्गला सूज दिसली. एकाच वाड्याच्या दोन दारांशी दोन माणसे उभी होती आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. पुढे १९०३ साली जर्मनीतील ओटो शिर्मर यांनी अश्रू मोजण्याची कागदी पट्टीची युक्ती काढली. आमच्या आत्याच्या पापणीत गेली ती हीच पट्टी. १९२५ च्या सुमारास पॅरिसच्या आंरी गूझेरो या त्वचारोगतज्ज्ञांनी डोळे, तोंड आणि इतर ओल्या त्वचा एकाच रोग्यात कोरड्या पडतात हे दाखवून दिले. हा केवळ डोळ्यांचा किंवा केवळ तोंडाचा विकार नसून सबंध देहाची काही कथा आहे, असा संशय तेव्हापासून बळावला. फ्रान्समध्ये अजूनही या रोगाच्या नावात गूझेरोंचे नाव प्रथम येते.

आता आपण स्वीडनला जाऊ. हेनरिक श्योग्रेन यांचा जन्म १८९९ सालचा. स्टॉकहोमला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते नेत्रवैद्य झाले. १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे ४९ वर्षांची एक बाई आली. तिचे सांधे दुखत, डोळे कोरडे, तोंड कोरडे. नेत्रवैद्याने डोळे पाहावेत, थेंब द्यावेत आणि पुढच्या रोग्याला बोलवावे, अशी रीत असते. श्योग्रेननी त्या बाईचे तोंडही पाहिले आणि सांध्यांचीही विचारपूस केली. पुढे अशाच आणखी बायका त्यांना भेटल्या. १९३३ साली त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांच्या हकीकती होत्या आणि त्यांतील १३ जणींना संधिवात होता. गुलाबी रंगाचे एक द्रव्य डोळ्यांत घालून कोरडेपणाने झालेली इजा कशी दिसते, हेही त्यांनी त्यात दाखवले.

विद्यापीठाने या प्रबंधाचे काय केले? तो उत्तीर्ण झाला, परंतु अध्यापनाची पदवी मिळण्याइतका दर्जा त्याला देण्यात आला नाही. श्योग्रेन यांची विद्यापीठाची वाट तिथे खुंटली. ते यॉनशॉपिंग या गावी गेले आणि तिथल्या रुग्णालयाचा नेत्रविभाग सांभाळीत राहिले. तथापि ज्ञानाचे बी कुठे पडून कुठे रुजेल, याचा नेम नसतो. महायुद्ध चालू असताना १९४३ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य ब्रूस हॅमिल्टन यांनी त्या प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि रोगाची ओळख इंग्रजी जगाला पटली. मायदेशाचे डोळे त्यानंतर उघडले: १९५७ साली गोथेनबर्ग विद्यापीठाने त्यांना अध्यापकाची पदवी दिली, १९६१ साली सरकारने प्राध्यापक हा किताब दिला. १९८६ साली ते वारले.

रोगाला नाव मिळाले, पण कारण मिळाले नव्हते. ते मिळण्याच्या वाटेत एक मोठे नाव आडवे उभे होते. जर्मनीचे पाउल एर्लिख हे रोगप्रतिकारशास्त्राचे एक आद्य आचार्य. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी असे प्रतिपादन केले की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करण्याचे टाळते. जणू निसर्गालाच त्या गोष्टीचा धसका आहे. एर्लिख यांचा आशय असा की शरीर हे टाळण्याची काही योजना करीत असले पाहिजे. परंतु मागून येणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘असे घडणेच अशक्य’ असा घेतला. आचार्यांच्या वचनाचा असा सोपा अर्थ घेण्याची खोड केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे! पुढची अनेक दशके त्या समजुतीखाली गेली.

१९५६ साली ही समजूत ढळली. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशांच्याच कंठग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा सशांच्या शरीराने स्वतःच्या कंठग्रंथीवर हल्ला केला. यातील विटेब्स्की हे एर्लिख यांच्याच शिष्यपरंपरेतले. परंपरेच्या विरुद्ध जाणारे फळ हाती आले आणि त्यांनी ते प्रसिद्ध केले, हे आम्हांला त्यांच्या प्रयोगाइतकेच मोलाचे वाटते. त्याच वर्षी लंडनला रॉइट, डोनियाक आणि त्यांचे सहकारी यांना कंठग्रंथीच्या एका रोगात रोग्यांच्याच रक्तात त्या ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. आता मिकुलिचच्या गोल पेशींचा उलगडा झाला. त्या पेशी म्हणजे शरीराचे रक्षक शिपाई होते. परका शत्रू समजून ते लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत शिरले होते आणि घरचेच पाणवठे बुजवीत होते. १९५३ सालीच मॉर्गन आणि कॅसलमन यांनी मिकुलिचचा आणि श्योग्रेनचा रोग हे सूक्ष्मदर्शकाखाली एकच दिसतात, असे दाखवले होते. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेतील डॉक्टरांनी ६२ रोग्यांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला आणि रोगाचे चित्र बहुतांशी पुरे झाले.

बहुतांशी म्हणण्याचे कारण आहे. या साऱ्या इतिहासात काय काय मोजले गेले ते पाहा. अश्रू कागदाने मोजले गेले, लाळ पेल्यात मोजली गेली, पेशी काचेवर मोजल्या गेल्या, प्रतिद्रव्ये रक्तात मोजली गेली. आता रोगी स्वतः काय सांगतो ते ऐका. “भाताला चव नाही.” “फुलाला वास नाही.” “पंक्तीत बसावेसे वाटत नाही.” “उगीच उदास वाटते.” ही तक्रार मोजण्याचे कुणाच्या मनात आले नव्हते. जे मोजता येत नाही ते मनाचे खेळ, असे ठरवण्याची सवय वैद्यकाला होती. आणि तक्रार करणारी बहुधा प्रौढ बाई असल्यामुळे ते ठरवणे आणखी सोपे होते. संसार झाला, मुले मोठी झाली, आता हिला लक्ष वेधून घ्यायचे आहे, असे म्हटले की डॉक्टरही मोकळा आणि घरही मोकळे.

१९७२ साली रॉबर्ट हेन्किन, नॉर्मन तलाल आणि त्यांचे सहकारी यांनी श्योग्रेनच्या रोग्यांतील चव आणि वास यांच्या बिघाडावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत साधी असते. मीठ, साखर, आंबट, कडू यांचे अतिशय सौम्य ते अतिशय तीव्र असे द्राव करावयाचे आणि कोणत्या टप्प्यावर चव ओळखू येते ते पाहावयाचे. निरोगी माणसाला जिथे खारटपणा कळतो तिथे या रोग्यांना नुसते पाणी लागते. वासाचीही तीच कथा. आमची आत्या मीठ दुप्पट घालीत होती त्याचा अर्थ इतकाच की तिच्या जिभेला ते तेव्हा कुठे मीठ म्हणून कळत होते. तिच्यापुरती आमटी बरोबर होती.

इथे एक शंका येईल. चव लागत नाही, तर मग अशा रोग्याला मिरचीचा ठेचा चालावा. प्रत्यक्षात उलट होते. तिखटपणा रुचिकलिकांतून जात नाही. तोंडाच्या त्वचेतील आगीची आणि वेदनेची जाणीव नेणाऱ्या निराळ्या मज्जातंतूतून तो जातो, आणि लाळेचे अस्तर गेलेल्या तोंडाला तो असह्य होतो. म्हणजे मीठ कळत नाही आणि तिखट जाळते. “हिला अळणीही चालत नाही आणि तिखटही चालत नाही,” असे आमच्या घरात चिडून म्हटले जाई. ते वाक्य रोगाचे अचूक वर्णन होते, आणि आम्ही ते ठपका म्हणून वापरीत होतो.

आता वासाकडे आणि मनाकडे वळू. ज्याला आपण पदार्थाची चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वस्तुतः वास असतो. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकात चढतो. पडशाने नाक चोंदले की जेवण बेचव होते ते यामुळे. वास घेणाऱ्या पेशींवरही ओलाव्याचा पातळ थर असावा लागतो. शिवाय वासाची वाट इतर इंद्रियांहून निराळी आहे. पाहिलेले आणि ऐकलेले मेंदूच्या मधल्या एका ठाण्यावर थांबून पुढे जाते. वास मात्र भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. पहिल्या पावसाचा मातीचा वास आला की गेलेले माणूस क्षणभर परत आल्यासारखे वाटते, हा अनुभव कुणाला नाही? मग ही वाट बुजली तर मनात काही बदल होत असेल काय?

या प्रश्नाचे धागे बरेच आहेत. पांढऱ्या उंदरांच्या मेंदूतील वासाचे कंद काढले तर त्यांचे वागणे अशा रीतीने बदलते की उदासीनतेवरील औषधे पारखण्यासाठी अशा उंदरांचा उपयोग गेल्या शतकातच सुरू झाला. दुसरा धागा ल्युपस या भावंड-रोगाचा. तोही शरीराने स्वतःवर उलटण्याचाच रोग आणि तोही बहुधा स्त्रियांचा. इस्रायलमधील येहुदा शोनफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ल्युपसच्या काही रोग्यांत सापडणारे एक प्रतिद्रव्य त्यांनी उंदरांच्या मेंदूत सोडले. उंदीर उदासीनतेची लक्षणे दाखवू लागले, आणि ते प्रतिद्रव्य मेंदूतील भावनांच्या व वासाच्या भागांना चिकटलेले आढळले. पुढच्या वर्षी अशा उंदरांची वास घेण्याची शक्तीही मंदावते असे दिसले, आणि २००९ साली ल्युपसच्या माणसांतही वासाची जाण कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले. त्याच २००९ साली ब्रिटनमधील एका अभ्यासात श्योग्रेनच्या रोग्यांची चव व वास मोजून, त्या उणिवेचा त्यांच्या रोजच्या जगण्याच्या समाधानाशी संबंध तपासला गेला. तक्रार आणि मोजमाप यांची गाठ अखेर पडली.

इथे आम्हांला सावधपणे बोलले पाहिजे. उंदराची उदासी ही माणसाची उदासी नव्हे. ऑटोइम्यून रोगांच्या माणसांत खिन्नता आणि चिंता अधिक आढळते, हे खरे. पण तिला एकच कारण नाही. सततचा दाह मेंदूवर परिणाम करतो. न संपणारा थकवा आणि वेदना असतात. आणि चव व वास गेल्याने दिवसाचे लहान लहान आनंद गळून पडतात, तेही कारण आहे. सकाळच्या चहाचा वास, फोडणीचा चुरचुरीत दरवळ, तान्ह्या नातवाच्या टाळूचा गंध यांना आपण आनंद म्हणून मोजतही नाही, आणि ते गेल्यावर माणूस कशाने रिते झाले हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. यातील प्रत्येक कारणाचा वाटा किती, हे रोग्यागणिक निराळे असते. म्हणून ‘हे सगळे मनाचे’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘हे सगळे ग्रंथींचे, मनाचे त्यात काही नाही’ म्हणणेही चूक होय.

या विषयावर पूर्वी बोलावयाचे झाले असते तर आम्हांला बरेच समजावून सांगावे लागले असते. आता तितके लागत नाही. २०२० साली करोनाची साथ आली आणि जून महिन्यात केंद्र सरकारने वास व चव जाणे हे त्या रोगाच्या लक्षणांत धरले. त्या दिवसांत घरोघर माणसे सकाळी उठून हिंगाची डबी नाकाशी धरून पाहत होती. आपल्यापैकी कितीजणांना त्या दोन-तीन आठवड्यांत जेवण म्हणजे लगदा वाटला आणि मन कशातच रमेना, ते आपण आठवावे. बहुतेकांची चव परत आली, आणि परत आल्या दिवशी वरणभाताने डोळ्यांत पाणी आणले. ज्या रोग्यांविषयी आम्ही बोलत आहोत त्यांच्यासाठी ते दोन-तीन आठवडे वीस-वीस वर्षे चालतात, आणि त्यांच्या रोगाचे नाव वर्तमानपत्रात रोज छापून येत नाही. २०११ साली व्हीनस विल्यम्स या जगज्जेत्या टेनिसपटूने स्पर्धेतून माघार घेऊन आपल्याला श्योग्रेनचा रोग असल्याचे जाहीर केले, तेव्हा जगातील अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

उपाय काय, असे आपण विचाराल. रोग समूळ घालवणारे औषध अद्याप नाही. पण पुष्कळ काही करता येते. हॅडनची जाबोरांडी आठवते ना? तिच्यातील पायलोकार्पीन हे सत्त्व १८७५ सालीच वेगळे काढण्यात आले होते. १९९८ साली अमेरिकेत श्योग्रेनच्या कोरड्या तोंडासाठी त्याच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. १८८८ साली एका डॉक्टरने एका बाईला जे दिले, ते रीतसर औषध म्हणून मान्य व्हायला ११० वर्षे लागली! लाळ नसली की दात झपाट्याने किडतात, म्हणून दातांची निगा महत्त्वाची. डोळ्यांना कृत्रिम अश्रूंचे थेंब असतात. सांधेदुखी, कोरडे डोळे आणि कोरडे तोंड ही तीन एकत्र दिसली की संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवावे. मन फार खचले तर त्याचाही उपचार घ्यावा. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आणि काही उपाय घरातच आहेत. घास ओला असावा. भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून खाण्याला कुणी नाक मुरडू नये. तिखट वेगळे वाढावे. मिठासाठी तिच्या जिभेला बोल लावण्यापेक्षा मिठाचे प्रमाण घरातल्या दुसऱ्या कुणी पाहावे आणि बाकीची चूल तिच्याकडेच राहू द्यावी. आमच्या घरात हे करता आले असते. त्याला ना औषध लागत होते ना पैसा. तिच्या म्हणण्यावर विश्वास तेवढा ठेवायला हवा होता.

या इतिहासातून आम्ही जे घेतले ते थोडक्यात सांगून रजा घेतो. या रोगाची कथा पुढे सरकली ती दर वेळी कुणीतरी रोग्याचे बोलणे पुरते ऐकून घेतले म्हणून. श्योग्रेन हे नेत्रवैद्य. त्यांनी तोंडाची आणि सांध्यांची तक्रार ऐकली. हेन्किन यांनी बेचव जेवणाची तक्रार खरी धरून ती मोजण्याची खटपट केली. उपकरणे मागून आली, विश्वास आधी ठेवावा लागला. आपल्यापैकी फार थोडे लोक डॉक्टर आहेत, पण ऐकण्याचे काम पदवीवाचून करता येते.

रोगाचे नाव कळल्यावर आमची आत्या आणखी सहा वर्षे जगली. तिची चव परत आली नाही. पण त्या वर्षीच्या चैत्रात आमच्या आईने पन्ह्याचे पातेले तिच्यापुढे ठेवले आणि म्हटले, “वन्सं, गुळाचं आणि वेलदोड्याचं तुम्ही सांगा, चाखून मी बघते.” आत्याने पदर खोचला, आणि कितीतरी वर्षांनी त्या घरातले पन्हे तिच्या हाताचे झाले.